एसटी गेली, आम्ही थांबलो

दुसरं बाळंतपण, म्हणून बहीण सासरीच होती आणि बारसं नेमकं जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. सासर चिपळूणच्या पुढे, हमरस्ता सोडून आत. पुण्याहून हव्या त्या दिवशी रेल्वे मिळेना, बाबांचा गुडघा एसटीला तयार नव्हता, आणि पावसात घाटातून स्वतः गाडी चालवणं मी केव्हाच सोडलंय. उरली कॅब.

माझा विचार साधा होता: बारशाच्या दिवशीच पहाटे निघू, जेवायला पोहोचू. बाबांनी तो लगेच मोडून काढला. "आदल्या दिवशी निघायचं. आणि घाट उजेडात उतरायचा." महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल 2 ऑगस्ट 2016 ला वाहून गेला तो रात्री. दोन एसटी गाड्या अंधारात नदीत गेल्या. बाबा तेव्हापासून पावसाळी रात्रीच्या प्रवासाला उभे राहत नाहीत.

रस्ते तीन. भोरवरून वरंध घाट, पण तो पावसाळ्यात कधी जड वाहनांना तर कधी सगळ्यांनाच बंद असतो, त्यामुळे तो आधीच बाद. ताम्हिणीतून माणगाव-महाड जवळ वाटतं, पण ताम्हिणी उतरल्यावर पुढे परशुराम घाट उरतोच, आणि तिथे 2022 च्या पावसात दरडींमुळे वाहतूक थांबवावी लागली होती. तिसरा सातारा-कराड-पाटण-कोयनानगर करून कुंभार्ली. लांबचा आहे, पण कराडपर्यंत मोठा हायवे, आणि कोकणात उतरणारा अवघड घाट एकच. मॅप अर्थातच जवळचा रस्ता दाखवत होता. घाट आदल्या रात्री बंद केला असेल तर त्याला ते लगेच कळेलच असं नाही.

हवामानात मी एक बावळटपणा केला. चार दिवस पुण्याचाच अंदाज बघत बसलो, पुण्यात नुसती रिपरिप. मग लक्षात आलं की हवामान खातं घाटमाथ्याचा अंदाज वेगळा देतं, आणि सातारा घाटाला ऑरेंज अलर्ट होता. अतिमुसळधार म्हणजे 24 तासांत 115.6 ते 204.4 मिलिमीटर. रेड असता तर निघालोच नसतो, ऑरेंजला मात्र घरात वाद झाला. शेवटी रत्नागिरीच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला फोन केला. क्रमांक 1077, पण बाहेरच्या जिल्ह्यातून लावताना आधी तिथला एसटीडी कोड लावायचा, नाहीतर फोन आपल्याच जिल्ह्यात लागतो. कुंभार्ली सुरू असल्याचं त्यांनी सांगितलं. सकाळी निघताना पुन्हा विचारा, असंही.

पहिली गाडी मी परत पाठवली. एका ॲपवरून बुक केली होती, आली ती पांढऱ्या नंबर प्लेटची, म्हणजे खासगी. भाड्याची गाडी पिवळ्या प्लेटची असते. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं हेच विचारणार. वर मागचे दोन्ही टायर गुळगुळीत. कॅन्सलेशनचे पैसे कापले गेले आणि बारशाला दोनच दिवस उरले.

दुसरी गाडी ओळखीतून मिळाली. या वेळी फोनवरच सगळं विचारून घेतलं: आदल्या रात्री कुठली ड्यूटी आहे का, कुंभार्ली माहितीचा आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रस्ता बंद मिळाला तर काय. आउटस्टेशनला दिवसाला साधारण किमान 300 किलोमीटरचं भाडं धरतात. मुक्काम वाढला तर तेवढंच अजून आणि ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता मी देईन, हे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं. ड्रायव्हरचं उत्तर आलं, "असं आधी कोण सांगत नाही दादा."

साडेपाचला गाडी दारात. मी टायरकडे वाकून बघतोय म्हटल्यावर तो स्वतःच खाली बसला आणि खाचेत नख घालून दाखवलं. खाचांमध्ये मधूनमधून रबराचा छोटा उंचवटा असतो, 1.6 मिलिमीटरचा. टायर झिजत त्याच्या बरोबरीला आला की बदलायचा. त्याच्या टायरला अजून बरंच रबर होतं. वायपर मात्र काचेवर रेघा ओढत होते, ते कराडच्या अलीकडे थांबून बदलले.

कोयनानगरनंतर धुकं इतकं की बॉनेटच्या पुढचं काही दिसेना. बाबा म्हणाले, "पार्किंग लाइट लाव ना." तो हसला. "काका, चारी इंडिकेटर लावले तर मी वळतोय हे मागच्याला कळणार कसं?" हेडलाइट डीमवर, एसी सुरू ठेवून काचेवरची वाफ घालवत, दुसऱ्या गिअरमध्ये तो घाट उतरला. कड्याखाली गाडी उभी करू नका, एवढंच एकदा बोलला, तेही मला फोटो काढायचा होता म्हणून.

दीडच्या सुमारास चिपळूण मागे पडलं. आता झालंच, असं मला वाटलं.

गावाच्या अलीकडे चारेक किलोमीटरवर ओढ्यावर फरशी आहे, म्हणजे पाणी वाढलं की बुडणारा ठेंगणा पूल. तिच्यावरून तांबडं पाणी चाललेलं. आमच्या डोळ्यांदेखत एसटी त्यातून गेली. पलीकडून दोन पोरं हातवारे करत होती, "येईल, येईल!"

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, उतरला आणि नुसता उभा राहिला. मी काच खाली करून म्हटलं, "एसटी गेली की." तो म्हणाला, "एसटी उंच आहे दादा, वजनदार आहे. आपली उचलली जाईल." मग त्याने फरशीच्या कडेचे चुना लावलेले दगड दाखवले. पाण्याच्या वर पाच डोकी दिसत होती. दहा मिनिटांनी चारच उरली.

खरं सांगायचं तर मला राग आला होता. बहिणीचा फोन येऊन गेला होता, चहा टाकला म्हणून. बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्याला म्हणाले, "वळव गाडी."

चिपळुणात लॉज मिळाला तो वरच्या अंगाला. 22 जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं होतं, त्यामुळे नदीकाठचं काही नको असं आईनेच बजावलं. ड्रायव्हरला गाडीत झोपू दिलं नाही, वेगळी खोली घेतली. बहिणीच्या सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अहो, आम्ही रोज जातो त्यावरून." मी "हो हो" म्हटलं.

सकाळी सातला फरशी उघडी होती. दोन दगडांच्या मध्ये अख्खी फांदी अडकलेली, आणि पलीकडच्या टोकाचा डांबराचा तुकडा खचून गेलेला. काल पाण्याखाली तो दिसलाच नसता. ड्रायव्हर पँट दुमडून आधी चालत पलीकडे गेला, खचलेल्या जागी पाय दाबून बघितला आणि डावीकडून घ्यायची अशी स्वतःशीच मान हलवली. आम्हाला उतरून चालत यायला सांगितलं, रिकामी गाडी पार केली. बाळाला पाळण्यात घालायला अजून चार तास होते.