शिट्टी

आमच्या घरात शिट्टी वाजली की सासूबाई आधी गॅसकडे बघतात आणि मी पोराच्या कानाकडे. बहुतेक वेळा माझंच बरोबर असतं.

लेक दोन वर्षांचा असताना बेरा टेस्ट झाली, म्हणजे ऐकू येतं का ते बघणारी तपासणी, दोन्ही कानांना मॉडरेट टू सिव्हिअर, म्हणजे मध्यम ते जास्त, बहिरेपण निघालं, मग रडणंबिडणं सगळं झालं, ते इथे नको. त्यानंतर आम्ही दोघं महिनाभर ऐकण्याचं कुठलं मशीन घ्यायचं यावरच डोकं फोडत बसलो. चॅनल किती, ब्लूटूथ आहे का, अमक्याच्या भाच्याने कुठलं घेतलंय. एका दुकानदाराने तर कानाच्या आत बसणारं इवलंसं मशीन दाखवलं, "ताई, कुणाला दिसणारसुद्धा नाही," आणि खोटं कशाला बोलू, मी भुलले होते. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासून मशीन लावून देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, अहो याचा कान वाढतोय, दर वेळी आख्खं मशीन नव्याने बनवून घेणार का? कानामागचं घ्या, कानात बसणारा साचा तेवढा बदलायचा. शिवाय लहान मुलाचा कान आतून एवढासा असतो, त्यात तोच आवाज मोठ्या माणसापेक्षा जास्त मोठा होतो, म्हणून कानात बारीक नळी घालून मोजून सेटिंग करणारं माणूस शोधा, कंपनी नंतर. हे मला महिनाभर आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

ऐपतीचा प्रश्न असेल तर मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची दिव्यांगांना साधनं देणारी एडिप योजना आहे, उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर त्यातून मशीन मिळतं. नक्की चौकशी करा.

तर साचा. मशीन एकदाच घेतलं पण पहिल्या वर्षात साचे चार झाले. कानात दोरा बांधलेला कापसाचा बोळा ठेवून वर पिचकारीने गुलाबी पीठ भरतात, ते घट्ट होईपर्यंत पोराला धरून ठेवायचं, म्हणजे बाबा पाय धरणार आणि मी मोबाईलवर गाडीचे व्हिडिओ लावणार. मग ते माप मुंबईला जातं आणि आम्ही चिपळूणला कुरिअरची वाट बघत बसतो, तेवढ्यात कान अजून थोडा वाढलेला असतो! साचा सैल झाला की फटीतून आवाज बाहेर येतो, परत माईकमध्ये शिरतो, परत मोठा होऊन बाहेर, असा फिरत राहतो आणि तीच ती शिट्टी. कडेवर घेतल्यावर कान खांद्याला दाबला गेला तरी वाजते, त्याला घाबरायचं नाही. मी सुरुवातीला काय करायचे, शिट्टी नको म्हणून आवाजच कमी करायचे. शिट्टी बंद, घर शांत, आणि पोराला काही ऐकूच येत नाहीये, दोन आठवडे. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

पावसाळ्याचं वेगळंच. जूनपासून आमच्याकडे पापडसुद्धा मऊ पडतात तर मशीनचं काय घेऊन बसलात. साच्याच्या नळीत एक बारीक थेंब साचतो आणि तेवढ्याने आवाज अडतो, तो रबरी फुग्याने फुंकून काढायचा. साचा मशीनपासून सोडवून साबणाच्या कोमट पाण्यात धुतला तर चालतो, मशीनला मात्र पाण्याचा थेंब नको. रात्री मशीन ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या डबीत, निळे खडे गुलाबी झाले की बदलायचे, आणि सेल आधी काढून ठेवायचा. हे सेल हवेवर चालतात, स्टिकर काढला की मिनिटभर तसाच ठेवून मग घालायचा, एकदा काढलेला स्टिकर परत चिकटवून फायदा नाही. सेलच्या दाराला लॉक असलेलंच मशीन घ्या हो. पोराने सेल गिळला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजू शकते, तेव्हा केळंबिळं चारत, उलटी काढत बसू नका, थेट हॉस्पिटल.

रोज सकाळी मशीन घातलं की आमची परीक्षा असते. मी मागे उभी राहून आ, ई, ऊ, म, श, स म्हणते, ऐकू आलं की त्याने डब्यात एक ठोकळा टाकायचा. 'स' सगळ्यात बारीक, म्हणून नळीत काही अडकलं की आमच्याकडे पहिला 'स'च गायब होतो. परवा मला घाई होती म्हणून सासूबाईंना उभं केलं. त्यांची कवळी अजून वाटीत होती. 'आ' ला ठोकळा पडला, 'ई' ला पडला, 'श' ला पण पडला, मग 'स' च्या वेळी याने ठोकळा हातात धरला, वळून आजीच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "आजी, परत श नको. स कर."