राउटर नवा, दुखणं जुनंच

नव्या राउटरचे १,४०० रुपये अजून डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहायला बसलेय.

विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि आमचा लॅपटॉप ११ च्या यादीत बसेना. म्हणून विंडोज काढून लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली, अर्ध्या तासात झालं.

मग वायफाय. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या घरी आई संध्याकाळी ऑनलाइन गाणं शिकवते. विद्यार्थिनीची तान चढायची आणि ती तिथेच तोंड उघडं ठेवून गोठायची. कोपऱ्यातली खूण मात्र 'कनेक्टेड'च. रीस्टार्ट केलं की वीसेक मिनिटं ठीक. रावपुऱ्यातला दुरुस्तीवाला लॅपटॉप न उघडताच म्हणाला, "राउटर बदली नाखो, बेन." अहो, त्याच राउटरवर घरातले सगळे फोन चालतायत! "फोननी वात जुदी छे", म्हणजे फोनची गोष्ट वेगळी. बदलला. तान पुन्हा तिथेच अडकली. दुसऱ्या फेरीत त्याचं निदान, "तो पछी विंडोज नखावी दो", म्हणजे मग विंडोजच टाकून घ्या.

एका रात्री चिडून मी मॉडप्रोब या लिनक्सच्या आज्ञेने नुसता वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, उतरवून पुन्हा चढवला. नेट लगेच हजर! राउटरला कुणी हातही लावला नव्हता. डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या अंतर्गत नोंदींमध्ये, बघितलं तर एकच ओळ पुन्हा पुन्हा, 'फेल्ड टू सेंड एचटूसी कमांड'. संगणक वायफाय कार्डाला हुकूम सोडतोय आणि कार्ड वीज वाचवायला झोपलंय ते उठतच नाही.

(हे आधीच सांगायला हवं होतं: तोवर फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट घ्या. आईचे दोन वर्ग त्यावरच निभावले.)

नेट सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजर या प्रोग्रामच्या फाइलमध्ये वायफाय पॉवरसेव्हपुढे (वीजबचतीपुढे) मी शहाणपणाने ० लिहिलं. ० म्हणजे 'डिफॉल्ट वापर'! बंद करायला २, चालू करायला ३. कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. २ ने अडकणं कमी झालं, थांबलं नाही. थांबलं ते मॉडप्रोब.डी या ड्रायव्हरच्या सेटिंगांच्या फोल्डरमध्ये दोन पर्याय लिहिल्यावर: एकाने कार्डाची गाढ झोप बंद, दुसऱ्याने त्याच्या संगणकाशी असलेल्या (पीसीआय) जोडणीची वीजबचत, म्हणजे एएसपीएम, बंद. पर्यायांची नावं ड्रायव्हरप्रमाणे बदलतात. मॉडइन्फो या आज्ञेला आपल्या ड्रायव्हरचं नाव दिलं की यादी येते. नंतर रीस्टार्ट करा. मी विसरले आणि अख्खा दिवस लिनक्सला शिव्या घातल्या.

बॅटरी आता थोडी लवकर उतरते. आईला फरक पडत नाही, तिचा लॅपटॉप कायम चार्जरलाच. जुना राउटर मात्र मी तोवर भंगारवाल्याला देऊन बसले होते, साठ रुपयांत.