पॉइंटांवर बाली: नुसा दुआच्या मुक्कामाचा हिशोब

आई-बाबांना घेऊन आम्ही नुकतेच बालीला, तिथल्या नुसा दुआ भागात जाऊन आलो. मॅरियट या हॉटेल साखळीतल्या दोन्ही खोल्या पूर्णपणे पॉइंटांवर (मुक्कामावर आणि कार्डाच्या खर्चावर मिळणारे बक्षीस-गुण) होत्या आणि आई-बाबांची विमानाची तिकिटं माइल्सवर, म्हणजे विमान कंपनीच्या अशाच गुणांवर. बालीत काय बघावं हे सांगणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे इथे जास्त लिहिते ते हिशोबाबद्दल. असाच बेत आखणाऱ्या प्रत्येक घराला हा हिशोब कुणीतरी नीट समजावून सांगायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आधी पॉइंट आले कुठून ते सांगते. अनेकांचा समज असतो की हॉटेलचं कार्ड घेतलं, त्यावर किराणा-पेट्रोल केलं की वर्षभरात फुकट सहल होते. तसं होत नाही. एचडीएफसी बँकेचं मॅरियट बॉनव्हॉय कार्ड २०२३ मध्ये आलं (बॉनव्हॉय ही मॅरियटची सभासद-योजना). त्याच्या अटींनुसार इतर खर्चावर दर १५० रुपयांना २ पॉइंट मिळतात, प्रवास आणि बाहेरच्या जेवणावर ४ आणि मॅरियटमध्येच खर्च केला तर ८. म्हणजे लाखभर रुपयांच्या साध्या खर्चावर तेराशेच्या आसपास पॉइंट. या वेगाने एका मुक्कामाचे पॉइंट जमायला कित्येक वर्षं जातील.

तरी ते कार्ड आम्हा दोघांकडेही आहे, आणि ते एकाच कारणासाठी. फी ३,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ३,५४०, आणि त्याबदल्यात वर्षाला १५,००० पॉइंटांपर्यंतच्या हॉटेलात एक मोफत रात्र. साडेतीन हजारांत चांगल्या हॉटेलची खोली मिळते, एवढंच त्याचं मोल. रोजचा खर्च त्यावर टाकण्यात अर्थ नाही.

आमचे खरे पॉइंट दोन ठिकाणांहून आले. नवऱ्याच्या ऑफिसच्या दौऱ्यांत कंपनी पैसे भरते, पण मुक्कामाचे पॉइंट राहणाऱ्याच्या खात्यात जमा होतात. मॅरियटच्या बहुतेक हॉटेलांत एका डॉलरच्या बिलाला १० पॉइंट असा मूळ दर आहे. अट एवढीच की बुकिंग थेट हॉटेलकडे किंवा कंपनीच्या कॉर्पोरेट दरावर झालेलं हवं. बुकिंगच्या त्रयस्थ साइटवरून खोली घेतली तर सहसा पॉइंट मिळत नाहीत. ऑफिसच्या कामासाठी फिरणाऱ्या कितीतरी ओळखीच्यांनी मेंबरशिप नंबर कधी दिलेलाच नसतो. त्याला पैसे पडत नाहीत. आजच खातं उघडा. दुसरा स्रोत म्हणजे बँकेच्या कार्डाचे रिवॉर्ड पॉइंट, घराच्या फर्निचरसारख्या मोठ्या आणि तशाही करायच्याच असलेल्या खर्चांवर जमलेले. ते हॉटेल किंवा एअरलाइनच्या खात्यात हलवता येतात.

आता पॉइंटची किंमत. ती काढायची रीत सोपी आहे. त्या रात्रीसाठी कर-सेवाशुल्क धरून किती रुपये मोजावे लागले असते तो आकडा घ्या आणि लागणाऱ्या पॉइंटांनी भागा. बालीत या रीतीचा विशेष फायदा होतो, कारण तिथले हॉटेलचे दर बऱ्याचदा ‘++’ असे लिहिलेले असतात. म्हणजे वर सेवाशुल्क आणि कर मिळून साधारण २१ टक्के. पॉइंटवर घेतलेल्या खोलीत हे वरचे पैसे लागत नाहीत. समजा, खोली १३ लाख रुपिया (इंडोनेशियाचं चलन) ++ आहे. करासह ती १५ लाख ७३ हजार होते, म्हणजे आपले साधारण ८,४०० रुपये. तीच रात्र १३,००० पॉइंटांना असेल तर एका पॉइंटचे जवळपास ६५ पैसे झाले.

६५ पैसे ही माझी सीमारेषा आहे. मॅरियट वर्षातून अनेकदा पॉइंट सवलतीत विकतं आणि तेव्हा ते याच भावाच्या आसपास किंवा त्याहून थोडे महाग पडतात. जी गोष्ट विकत घ्यायला निदान ६५ पैसे पडतात ती ४० पैशांना कशाला घालवायची? बँकेच्या कॅटलॉगमधला मिक्सर किंवा गिफ्ट व्हाउचर घेतलं तर अनेक कार्डांवर पॉइंटमागे २०-२५ पैसेच पडतात. घरात बसून पॉइंट उडवायचा सगळ्यात महाग मार्ग तो.

पण आमचा खरा फायदा झाला पाचव्या रात्रीत. मॅरियटचा नियम असा: एकाच हॉटेलात सलग पाच रात्री पॉइंटवर घेतल्या तर सर्वांत कमी पॉइंटांची रात्र फुकट. वरच्याच उदाहरणात पाच रात्रींचे ४२,००० रुपये वाचतात आणि जातात ५२,००० पॉइंट. म्हणजे तोच पॉइंट ८० पैशांवर गेला. पाचही रात्री एकाच बुकिंगमध्ये हव्यात. कार्डाची मोफत रात्र या पाचांत धरली जात नाही, ती वेगळी वापरावी लागते. दर मागणीप्रमाणे रोज बदलतात, म्हणून तारखा एक-दोन दिवस मागेपुढे करून पाहा. आम्ही शनिवार-रविवारच्या पलीकडे सरकलो तेव्हा आकडा लक्षणीय उतरला. पॉइंटचं बुकिंग साधारणपणे रद्द करता येतं, अंतिम मुदत तेवढी बुकिंगवर वाचून ठेवा. त्यामुळे तारखा नक्की व्हायच्या आधीच खोली अडवून ठेवली आणि नंतर दर उतरला तेव्हा नव्याने घेतली.

नवरा-बायकोच्या खात्यांत पॉइंट विखुरलेले असतील तर एकमेकांना देता येतात, वर्षाला १,००,००० पर्यंत. आणि २४ महिने खात्यात काहीच हालचाल नसेल तर पॉइंट संपतात, हे विसरू नका.

विमानाचं गणित वेगळं. आम्ही मुंबईहून सिंगापूरमार्गे देनपसारला, म्हणजे बालीच्या विमानतळावर गेलो. आई-बाबांची तिकिटं सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर माइल्सवर काढली. माझ्या खात्यातून दुसऱ्याचं तिकीट काढायचं तर ती व्यक्ती नॉमिनी म्हणून नोंदवावी लागते आणि असे पाचच नॉमिनी ठेवता येतात. विमानतळाचे कर वेगळे भरावे लागतात, तेव्हा ‘फुकट तिकीट’ हा शब्द घरात वापरू नका, आई-बाबांचा गैरसमज होतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्रम. आधी हव्या त्या दिवशी सेव्हर दराची (कमीत कमी माइल्सची) जागा दिसते का ते पाहायचं, मगच बँकेतून पॉइंट हलवायचे. एकदा एअरलाइनकडे गेलेले पॉइंट बँकेत परत येत नाहीत आणि क्रिसफ्लायरचे माइल्स तीन वर्षांनी संपतात. बँकेकडून पॉइंट पोचायला काही दिवसही लागू शकतात, म्हणून शाळेच्या सुट्ट्यांच्या तारखांना बरंच आधीपासून बघायला लागा.

‘अजून थोडे जमू देत, मग बिझनेस क्लास काढू’ असं म्हणत वर्षानुवर्षं साठवणाऱ्यांना एवढंच सांगते: १ सप्टेंबर २०२३ पासून अ‍ॅक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचा माइल्समध्ये बदलण्याचा दर ५ पॉइंटांना ४ वरून ५ ला २ झाला. एका तारखेने साठ्याची किंमत निम्मी. पॉइंटांवर व्याज मिळत नाही आणि नियम त्यांचेच असतात. सहल ठरवा, तिच्यापुरते जमवा आणि वापरून टाका. बिल मात्र दर महिन्याला पूर्ण भरायचं. महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागलं तर कुठलीही मोफत रात्र ते भरून काढू शकत नाही.

आता मुक्काम. आम्ही नुसा दुआमधलं कोर्टयार्ड हे मॅरियटचं हॉटेल निवडलं. अगदी समुद्रकाठी नाही, थोडं आत आहे. पण हा भाग शांत, रुंद पदपथांचा, आखीव आहे आणि आईच्या गुडघ्यांना इथलं सपाट चालणं मानवलं. विमानतळावरून समुद्रावरच्या बाली मंदारा टोल रस्त्याने लवकर पोचता येतं. तोटा हा की बेटाच्या आतल्या भागातलं, देवळांसाठी प्रसिद्ध उबुद लांब आहे. वाहतूक धरून दीड ते दोन तास एका बाजूचे. म्हणून स्पष्ट सांगते: सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर एका जागी पाच रात्री उत्तम. दोघंच तरुण जात असाल तर पाचव्या रात्रीच्या मोहात पडू नका. तीन रात्री उबुद आणि दोन समुद्रकाठच्या सेमिन्याकला अशी वाटणी केलीत तर बाली जास्त दिसेल. पॉइंट आपल्या सहलीसाठी आहेत, हे शेवटपर्यंत लक्षात ठेवावं लागतं. आम्ही दोन्ही कार्डांवरच्या मोफत रात्री शेवटी उबुदसाठी वापरल्या, त्यामुळे तिकडची देवळं धावपळ न करता झाली. हॉटेल १५,००० च्या वर जात असेल तर मोफत रात्रीत ठरावीक मर्यादेपर्यंत आपले पॉइंट घालता येतात.

नाश्ता वेगळा मोजा. कार्डाबरोबर मिळणाऱ्या सिल्व्हर दर्जात नाश्ता येत नाही. त्यासाठी प्लॅटिनम लागतं आणि ते वर्षाला ५० रात्रींनंतर. चौघांचा हॉटेलातला नाश्ता रोज घेतला तर बरीच रक्कम होते. आम्ही एक दिवसाआड घेतला, बाकीचे दिवस खोलीत चहा, फळं आणि घरून नेलेले मेथीचे ठेपले. खोलीत तिसरी मोठी व्यक्ती राहणार असेल तर हॉटेलला आधी ईमेल करून जादा आकार लेखी विचारून घ्या. पॉइंटचं बुकिंग असलं तरी तो लागू शकतो.

आई-बाबा शाकाहारी आहेत. तोफू आणि तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) सगळीकडे मिळतं, पण संबल या तिखट चटणीत बऱ्याचदा ‘तेरासी’ म्हणजे कोळंबीची पेस्ट असते. गाडो-गाडो (शेंगदाण्याच्या सॉसमधल्या भाज्या) मागवतानाही विचारा. ‘तन्पा तेरासी’ (तेरासी न घालता) हे दोन शब्द आईने पहिल्याच दिवशी पाठ केले आणि प्रत्येक ठिकाणी स्वतः वापरले.

पैशांबद्दल. बहुतेक भारतीय कार्डांवर परदेशी खर्चाला साडेतीन टक्के मार्कअप (बँकेचं जादा शुल्क) आणि त्यावर जीएसटी, मिळून ४.१३ टक्के जातात. कमी मार्कअपचं एखादं कार्ड जवळ असेल तर तेच काढा. मशीनवर ‘रुपयांत भरायचं की रुपियांत’ असं विचारलं तर नेहमी रुपिया निवडा. मॅरियटचं कार्ड डायनर्स क्लबचं आहे आणि छोट्या दुकानांत ते चालेलच असं नाही, म्हणून एक व्हिसा किंवा मास्टरकार्ड सोबत हवंच. रोख मोजताना एक लाख रुपिया म्हणजे सव्वापाचशे-साडेपाचशे रुपये एवढं लक्षात ठेवलं की शून्यांची भीती जाते.

पॉइंटांत न बसणारे खर्चही धरा. व्हिसा ऑन अरायव्हल माणशी ५,००,००० रुपिया (३० दिवस) आणि फेब्रुवारी २०२४ पासूनचा पर्यटक कर माणशी १,५०,००० रुपिया. दोन्ही निघण्याआधी ऑनलाइन भरता येतात. ‘ऑल इंडोनेशिया’ हा आगमनाचा अर्जही घरूनच भरा, म्हणजे ज्येष्ठांना रांगेत मोबाइलशी झटापट करावी लागत नाही. फिरायला दिवसभराची गाडी चालकासह ठरवली. चौघांना तीच परवडते.

उलुवातूच्या देवळात संध्याकाळचं केचक हे रामायणावरचं समूहनृत्य बघायला गेलात तर चष्मा आणि टोपी पिशवीत ठेवा, माकडं खरोखर हिसकावतात. कितीतरी कंठांतून एकदम उठणारा ‘चक-चक’ आणि त्यात सीताहरण, लंकादहन. बाबांना कथा समजावून सांगावी लागली नाही, उलट तेच शेजारच्या पर्यटकांना सांगत बसले. तांपाकसिरिंगच्या तीर्त एंपुल या पवित्र झऱ्याच्या देवळात सकाळी लवकर जा. कुंडात उतरायचं असेल तर तिथे सारोंग (लुंगीसारखं वस्त्र) मिळतो.

आणि तारखा ठरवताना एक गोष्ट आवर्जून पाहा. बालीचं नववर्ष न्येपी हे शक संवताचं, त्यामुळे ते बऱ्याच वर्षी आपल्या गुढीपाडव्याच्या आगेमागेच येतं. २०२६ मध्ये दोन्ही १९ मार्चलाच. त्या दिवशी चोवीस तास विमानतळ बंद असतो, रस्त्यावर फिरता येत नाही, रात्री दिवेसुद्धा मंद ठेवतात. पाडव्याला जोडून रजा काढणाऱ्यांनी विमान त्या दिवशीचं काढू नये. मात्र आधीच पोचलेला असाल आणि हॉटेलातच शांत बसायची तयारी असेल, तर पाचांतली ती एक रात्र पॉइंटवर घ्यायला माझी तरी हरकत नाही. जेवणाची व्यवस्था त्या दिवशी काय असेल, एवढं हॉटेलला आधी विचारून घ्या.