तुम्ही विचारलंत म्हणून: परभणीला येताना लेकराला स्वेटर आणू का नको

दसरा झाला की माझ्या फोनवर एकच प्रश्न फिरून फिरून येतो. नणंद पुण्याहून विचारते, मावसबहीण ठाण्याहून विचारते, माझ्याकडं शिवायला येणाऱ्या बायकांच्या लेकी तर सरळ व्हॉइस नोटच टाकतात, "वहिनी, दिवाळीला येतोय, तिकडं थंडी लई असते ना, पोराला काय काय आणू, दोन स्वेटर बास होतील का?" मी घरी मशीनवर लहान लेकरांचे कपडे शिवते आणि मला स्वतःचं एक पोरगं आहे, आता साडेतीन वर्षांचं, त्यामुळं माझ्याकडं याचं उत्तर असणारच असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. एकेकीला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

परभणीची थंडी म्हणून तुम्ही जी ऐकलेली असते ना, ती दिवाळीतली नसते. ती डिसेंबर-जानेवारीतली, कृषी विद्यापीठातला पारा घसरला की शेकोटीच्या फोटोसकट पेपरात येते ती. दिवाळीत आमच्याकडं असतो शरद, आश्विन-कार्तिक, आणि त्याचं असंय की एकाच दिवसात तीन हवामानं. पाऊस परतलेला, आभाळ मोकळं, ढग नाहीत म्हणून दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते आणि पहाटे गारवा अंगाला लागतो, आठला कोवळं ऊन छान वाटतं, आणि अकरा वाजले की तेच ऊन टाळू तापवतं. ऑक्टोबरमध्ये दुपारी 33-34 अंश आणि पहाटे 18-20, असा साधारण हिशोब. नोव्हेंबर अर्धा सरला की पहाट 14-15 वर येते. म्हणून मी आधी कॅलेंडर बघायला सांगते. 2023 ला लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं आणि 2025 ला 21 ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळी तीच पण बॅग वेगळी. गेल्या खेपेचे कपडे आठवून यंदा भरले की फसगत.

आता उत्तर. लेकराचा कपडा घालायला किती सोपा ते सगळे बघतात, दुकानदार पण तेच दाखवतो, पण आमच्या या दिवसांत बघायचं ते काढायला किती सोपा. कारण सकाळी सहाला घातलेलं साडेदहाला काढायचंच असतं, आणि ते काढताना लेकरू झोपेत असतं, नाहीतर भुकेलेलं असतं, नाहीतर हातात चकली धरून रडत असतं. डोक्यातून घालायचा स्वेटर म्हणजे त्या वेळी कुस्तीच. दोन वर्षांच्या लेकराचं डोकं 48 सेंटिमीटरच्या आसपास असतं, म्हणजे 19 इंच, आणि छाती पण जवळपास तेवढीच. मोठ्या माणसाचा हिशोब लावून गळा कापला की तो कानापाशीच अडकणार. मी स्वतः शिकाऊ असताना असे दोन शर्ट वाया घालवलेत. म्हणून टी-शर्ट घेतलात तर खांद्यावर टिचबटणं असलेला घ्या, आणि स्वेटर पुढून उघडणारा, मोठ्या बटणांचा.

आणि खरं सांगू का, या दिवसांत स्वेटरपेक्षा बंडी कामाची. बिनबाह्यांची, पुढून उघडी, आत पातळसा कापूस घालून टीप मारलेली. हात मोकळे राहतात, काखेत घाम धरत नाही, आणि छाती-पाठ झाकली की पहाटेपुरतं लेकराला पुरतं. कापड नवं घेऊच नका, आजीचं जुनं सुती लुगडं किंवा धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर असलं तर त्याच्यासारखं अस्तर बाजारात मिळत नाही. माझ्या पोराची पहिली बंडी सासूबाईंच्या लुगड्याची होती, आत आमच्याच रानातला सरकी काढलेला कापूस, आणि तो कापूस एका जागी गोळा होऊ नये म्हणून सासूबाईंनी वाकळीला घालतात तसे हातानं धावदोरे घातले होते. मी मशीनवर टीप मारते म्हणाले तर म्हणाल्या, "मशीनची टीप टोचती गं लेकराला, राहू दे." मला पटलं नव्हतं, शिवणारी मी ना. पण त्या बंडीची आतली बाजू गालाला लावून बघितली तेव्हा गप बसले.

नरकचतुर्दशीची पहाट ही खरी परीक्षा. तेल लावलेलं, उटणं घासलेलं लेकरू न्हाणीतून बाहेर येतं ते थरथरतच. तिथं त्याला शेरवानी घालायला जाऊ नका हो. केस ओले, अंग तेलकट, बाहेर पोरं फटाके वाजवायला लागलेली म्हणून ते एका जागी उभं राहत नाही. आमच्याकडं आधी पंचानं टिपून सुती बनियन, त्यावर बंडी, खाली पायजमा, आणि डोक्याला कुंची. कुंची म्हणजे माहीत नसेल तर सांगते, टोपडं आणि मागं पाठीवर सोडलेलं कापड एकसलग, कान, मान, पाठ सगळं एकदम झाकलं जातं. हल्ली बारशापुरती शिवून घेतात आणि फोटो झाला की कपाटात ठेवतात, पण दीड-दोन वर्षांच्या लेकराला मी अजून शिवून देते, जरा मोठ्या मापाची. केस वाळले की काढली. भारीतले कपडे मग ओवाळायच्या वेळी, अर्ध्या तासासाठी, फोटो झाले की उतरवले. जरीचा कपडा असेल तर आत सुती अस्तर आहे ना ते हात घालून बघा, काखेत आणि मानेच्या पट्टीला खास, कारण जरीची तार टोचायला लागली की लेकरू रडतं आणि आपण म्हणतो दृष्ट लागली.

फटाक्यांपाशी मात्र सुतीच. टेरीकॉट, नायलॉन, तो मऊ मऊ केसाळ जाकिटाचा कपडा, यातलं काही नको. ठिणगी पडली तर सुती कापड जळतं हे खरं, पण ते दुसरं वितळून कातडीला चिकटतं. आणि लोंबणारा कुर्ता, उपरणं, ओढणीसारखं काही पणत्यांजवळ नको, लेकराची उंची बरोब्बर पणतीएवढी असते, आपल्याला वरून दिसत नाही.

आता पँट. इथं जरा वेळ घेते, कारण मुलाच्या आयांनी हे वाचायलाच पाहिजे. माझं पोरगं अडीच वर्षांचं असताना भाऊबीजेला सेलूला माहेरी गेलो होतो. त्याच्यासाठी हौसेनं जीन्स घेतलेली, मोठ्या माणसासारखी, पुढं खरीखुरी चेन. दुकान कुठलं ते सोडा. नुकताच डायपर सुटलेला, आत चड्डी घालायची राहिली, दुपारी शू करून आला आणि माझ्या भावानं घाईत चेन वर ओढली. पुढचं काय झालं ते मुलाच्या आईला सांगायची गरज नाही. त्याचा तो आवाज अजून कानात आहे. घरातले सगळे ओढाओढ करायला निघाले, कुणी म्हणतं तेल लावा, कुणी म्हणतं एक झटका द्या, मी ओरडून सगळ्यांना लांब केलं आणि आहे तसं उचलून दवाखान्यात. डॉक्टरांनी चेन ओढलीच नाही. तिथं बधिर केलं आणि चेनचा तो सरकणारा तुकडा मधोमध पकडीनं तोडला, तसे दोन्ही बाजूचे दात आपोआप सुटले. दोन मिनिटांचं काम. भाऊ बाहेर बाकावर डोकं धरून बसलेला, त्यालाच पाणी द्यावं लागलं. तेव्हापासून चार वर्षांखालच्या पोराच्या पँटला मी चेन लावत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी. पुढं खोटी पट्टी शिवून देते, दिसायला चेनसारखी, आत काही नाही.

कमरेला इलास्टिक. पण इलास्टिक घट्ट नको, आपल्याकडं पोराच्या कमरेला करदोडा असतो, आणि करदोड्यावर घट्ट इलास्टिक बसलं की दिवसभरात दोरा रुतून लाल वळ उठतो, घाम आला की तिथंच खाज. मी नेफा जरा रुंद ठेवते आणि इलास्टिक कमरेच्या मापापेक्षा फार तर दोन इंच कमी. नाडी नको, दोन वर्षांचं पोरगं नाडी ओढतं, गाठ बसते, आणि शी लागल्यावर गाठ सुटायची वाट ते बघत नाही. डांगरीचं पण तेच. फोटोत गोड दिसतं, बास.

कमरेपासून घोट्यापर्यंत झाकणारी पातळ पँट आणि पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट, हे दोन तीन जोड जास्तीचे आणा, थंडीसाठी नाही, डासांसाठी. पाऊस संपल्यावर कुलर, टायर, टाक्या, कुंड्या सगळीकडं पाणी साचलेलं असतं आणि डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळं संध्याकाळी झाकलं की झालं असं नाही. रंग फिका घ्या, गडद रंगावर डास जास्त येतात आणि बसलेला दिसत पण नाही. 2025 ला सप्टेंबरमध्ये अख्ख्या मराठवाड्यात जो पाऊस कोसळला त्यानंतर तर आमच्या घरी पोरगं दिवाळीपर्यंत बिनबाह्यांचं बाहेर गेलंच नाही. त्या वर्षी कपडे वाळतच नव्हते ही वेगळीच कटकट, दमट कपड्यानं जांघेत चट्टे उठले. तेव्हापासून मी जाड होजियरी या दिवसांत घेत नाही, धुतलं की चार तासांत उन्हात वाळलं पाहिजे, नाहीतर उपयोग नाही.

गावाकडं रानात जाणार असाल तर अजून एक. सोयाबीन निघालेलं असतं, कापसाची वेचणी सुरू असते, पुण्याच्या लेकराला बैल दाखवायचे म्हणून सगळे हौसेनं बांधाबांधानं फिरतात. लोकरीचं काहीही घालून नेऊ नका. माझ्या नणंदेनं तिच्या पोराला हातानं विणलेला पांढरा स्वेटर आणि लोकरीचे मोजे घालून नेलं होतं. परत आल्यावर त्या मोज्यांत कुसळं अशी घुसलेली की बाहेरून दिसत नाहीत आणि पाय घातला की टोचतात, आणि स्वेटरच्या पुढच्या बाजूला आघाड्याची बोंडं ओळीनं चिकटलेली. आम्ही तिघी ओसरीवर बसून तासभर एकेक काढत होतो. एक काढायला गेलं की लोकरीचा धागा पण सोबत येतो. मोजे शेवटी टाकूनच दिले. रानात जाताना गुळगुळीत विणीचं साधं सुती कापड, पायजम्याची तळाची पट्टी घोट्याला बसणारी, आणि मागून पट्टा असलेले बूट किंवा सँडल. खळ्यावर मळणी चालू असेल तर लेकराला तिथून लांबच ठेवा, सोयाबीनचा भुसा अंगावर उडाला की रात्रभर खाजवतं, आणि आल्या आल्या कपडे बदला, झटकून चालत नाही.

रात्रीचं थोडक्यात सांगते. लेकरू अंगावर पांघरूण ठेवत नाही, तुम्ही वाकळ घाला नाहीतर ब्लँकेट, बाराला ते पायाशीच. त्यात झोपताना उकडतं आणि चारला गारठा येतो. म्हणून पांघरुणाच्या भरवशावर राहायचं नाही, पातळ बनियन पायजम्यात खोचायचं आणि वर पूर्ण बाह्यांचं सुती, बास. पोट उघडं पडलं नाही म्हणजे झालं. कानटोपी झोपल्यावर काढते मी, डोकं घामानं भिजतं.

आणि ते "वाढत्या अंगाचं घेऊ का" हा प्रश्न प्रत्येकजण विचारतोच. लांबीला घ्या, रुंदीला नको. पायजम्याला खाली दोन इंच दाब ठेवून शिवलं की वर्षभर सोडत जाता येतं, पण खांद्याला मोठा घेतला तर बाही हातावर येते, लेकरू ती तोंडात घालतं आणि पळताना पायजमा पायात येऊन पडतं. दुकानातल्या 18 नंबर, 20 नंबरचा भरवसा नाही, एकाचा अठरा दुसऱ्याच्या विसाएवढा.

तर वन्सं, तुम्ही काल विचारलंत त्याचं उत्तर: स्वेटर एकच आणा, पुढून बटणांचा, तो एसटीत खिडकीशी लागेल. बंडी मी शिवून ठेवते. फक्त माप पाठवताना "अडीच वर्षांचा आहे" असं पाठवू नका, मागच्या खेपेला तसंच केलं होतंत. छाती, कंबर आणि डोक्याचा घेर, तिन्ही टेपनं मोजून पाठवा. टेप नसेल तर दोरी लावा, दोरी फूटपट्टीवर धरा आणि फोटो टाका. झोपेत मोजलंत तर सगळ्यात बरं.