आमची वाटचाल : हंगाम सुरू होण्याआधीचे काम

आमच्या फर्मची सुरुवात विजेच्या कामापासून झाली. कार्यालयीन इमारती, दुकानांची संकुले आणि गोदामे येथे वायरिंग करणे, पॅनेल बसवणे आणि काही बिघडले की बोलावणे येताच धावून जाणे, एवढेच आरंभी आमचे क्षेत्र होते. बोलावणी बहुतेक ऐन हंगामात येत. उन्हाळ्यात सगळी वातानुकूलन यंत्रे एकाच वेळी चालू असताना मुख्य पॅनेलमधला केबलचा जोड जळे आणि अख्खी इमारत अंधारात जाई.

जळालेला लग (केबलच्या टोकाला बसवलेली, बोल्टने जोडायची धातूची टोपी) कापून नवा बसवताना जवळजवळ प्रत्येक वेळी एक गोष्ट दिसे : तो जोड त्या दिवशी बिघडलेला नसे. केबलच्या टोकाचे इन्सुलेशन तपकिरी आणि ठिसूळ झालेले असे, बोल्टवर उष्णतेने निळसर छटा आलेली असे, म्हणजे कित्येक महिने तेथे उष्णता साचत होती. सैल जोडाचा रोध वाढतो आणि त्यात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, आणि भार हलका असताना तग धरून राहिलेला जोड हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात हात टेकतो. हे वारंवार पाहिल्यावर, दुरुस्तीपेक्षा देखभाल हाच आपला मुख्य व्यवसाय असावा, असा निर्णय आम्ही घेतला.

पहिले करार सहजासहजी मिळाले नाहीत. “सगळे सुरळीत चालू आहे, तर हात कशाला लावायचा?” हा मालकांचा प्रश्न रास्तच होता. त्याचे उत्तर आम्हाला थर्मल कॅमेऱ्याने, म्हणजे उष्णतेचे चित्र काढणाऱ्या कॅमेऱ्याने दिले. एकाच ब्रेकरवरच्या तीन फेजवर सारखाच भार असताना दोन जोड एका तापमानाला आणि तिसरा त्यांच्याहून कितीतरी तापलेला, असे चित्र समोर ठेवले की फारसे समजावून सांगावे लागत नाही. मात्र ही तपासणी पॅनेलवर पुरेसा भार असतानाच करावी लागते. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या इमारतीत काढलेले चित्र खोटा दिलासा देते. दोष सापडल्यावर वीज बंद करून जोड साफ करायचा आणि टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) निर्मात्याने सांगितलेल्या मापापर्यंतच आवळायचा, हा आमच्याकडे नियम आहे, कारण अंदाजाने जोर लावून आवळलेला बोल्ट आटे खराब करतो.

नळकामाकडे आम्ही विजेच्याच वाटेने वळलो. काही इमारतींत पाण्याच्या पंपाचा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विद्युत स्विच) पुन्हा पुन्हा जळत असे आणि तो बदलून भागत नसे, कारण मूळ दोष दाबटाकीत, म्हणजे कोंडलेल्या हवेच्या जोरावर पाण्याचा दाब टिकवणाऱ्या टाकीत असे. टाकीतली हवा कमी झाली की एक नळ उघडताच दाब कोसळतो, पंप क्षणभर चालून बंद पडतो आणि लगेच पुन्हा सुरू होतो; दर खेपेला मोटर सुरू होतानाचा जादा प्रवाह कॉन्टॅक्टरच्या टोकांना सोसावा लागतो. वीज एकाकडे आणि पाणी दुसऱ्याकडे असेल, तर असा दोष दोघांच्या मध्ये अडकून राहतो. म्हणून आम्ही अनुभवी प्लंबर फर्ममध्ये घेतले आणि पुढे तापन यंत्रणेचे कामही स्वीकारले. बॉयलरच्या ज्वलनाचे काम मात्र त्यासाठी परवाना असलेलाच माणूस करतो.

तापन यंत्रणेत आम्ही सर्वाधिक लक्ष प्रसरण टाकीकडे देतो. १० अंश सेल्सिअसचे १,००० लिटर पाणी ८० अंशांपर्यंत तापवले की सुमारे ३० लिटरने वाढते आणि त्या वाढीला जागा लागते; ती ही टाकी आपल्यातली हवा दबू देऊन पुरवते. टाकीतील हवेचा दाब तपासण्यापूर्वी पाण्याची बाजू बंद करून रिकामी करावी लागते, नाहीतर गेज फक्त यंत्रणेतल्या पाण्याचाच दाब दाखवतो. टाकी निकामी असेल तर सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी गळते, दाब उतरतो, इमारतीतले कोणीतरी नवे पाणी भरते, आणि त्यासोबत आलेला ऑक्सिजन व क्षार पाइप आणि बॉयलर आतून खराब करत राहतात. म्हणून कितीदा पाणी भरावे लागले, हे लिहून ठेवण्याचा आग्रह आम्ही प्रत्येक इमारतीत धरतो.

कोणती तपासणी कोणत्या ऋतूत करायची, हे या सगळ्या काळातले आमचे सर्वांत मोलाचे शिक्षण. माती कोरडी असते तेव्हा अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून तो सर्वांत कोरड्या दिवसांत मोजायचा. पावसानंतर आलेला चांगला आकडा आम्ही ग्राह्य धरत नाही. इन्सुलेशनची परीक्षा मात्र दमट हवेतच खरी होते. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणावर) १ मेगाओहमपेक्षा कमी आकडा आला, तर ते सर्किट आम्ही तसेच चालू ठेवू देत नाही. गच्चीवरचे पाण्याचे निचरे पावसाआधी मोकळे करतो. जेथे पाणी गोठते, तेथे थंडीआधी पाइपांना ऊब देणाऱ्या विजेच्या तापनपट्टीचा वीजपुरवठा तपासतो, कारण उन्हाळ्यात कधीतरी ट्रिप झालेला आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पहिल्या हिमापर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही, आणि पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी वाढत असल्याने पाइप तडकतो.

बंद राहिलेले मजले ही आमच्या विशेष काळजीची बाब आहे. तेथील ट्रॅपमधले (सांडपाण्याच्या नळीच्या वाकात दुर्गंधी अडवणारे) पाणी आटून दुर्गंधी वर येते, एवढ्यावर ते थांबत नाही. २० ते ४५ अंशांत साचून राहिलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसांत जातो. त्यामुळे गरम पाण्याची साठवण ६० अंशांवर ठेवणे आणि न वापरलेले नळ दर आठवड्याला काही वेळ वाहू देणे, या दोन बाबतींत आम्ही कोणतीही सवलत देत नाही.

आज आमचा प्रत्येक तंत्रज्ञ एका विषयात पारंगत असून उरलेल्या दोन विषयांतला दोष ओळखू शकतो. प्रत्येक इमारतीची नोंदवही आम्ही त्या इमारतीतच ठेवतो. उद्या काम दुसऱ्या फर्मकडे गेले, तरी मागच्या वर्षांचे आकडे तिच्या हाती असावेत, असे आम्हाला वाटते. तापनाचा हंगाम सुरू होण्याआधीच्या आठवड्यांत आम्ही नव्या जोडणीचे काम घेत नाही. त्या दिवसांत सगळी माणसे बॉयलर, पंप आणि पॅनेल यांच्याकडेच असतात.