पाणी नव्हे, पाण्याचा काठ

"छातीत पाणी झालंय म्हणतात. कॅन्सरचं आहे की साधं?" सोनोग्राफीच्या खोलीत हा प्रश्न नेहमी दबक्या आवाजात येतो, पेशंटच्या कानावर जाऊ नये म्हणून. मी रेडिऑलॉजिस्ट आहे. नुसत्या पाण्याकडे बघून मला हे सांगता येत नाही. सीटीवर दोन्ही पाणी सारखंच करडं दिसतं.

मी काठ बघते. फुफ्फुसावर आणि बरगड्यांच्या आतल्या बाजूला जे अस्तर असतं, प्लूरा, ते निरोगी असताना सीटीवर दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. ते एक सेंटिमीटरहून जाड झालं, त्यावर गाठी आल्या, जाडीने फुफ्फुसाला सगळीकडून वेढलं किंवा ती हृदयाच्या बाजूच्या अस्तरावर पसरली, तर संशय बळावतो. अस्तर नीट उजळायला कॉन्ट्रास्ट (शिरेतून टोचायचं, स्कॅनवर उजळ दिसणारं औषध) दिल्यावर मिनिटभर तरी थांबावं लागतं. आणि शक्य असेल तर सीटीआधी सगळं पाणी काढू नये. पाण्यामुळेच तर काठ उठून दिसतो!

सोनोग्राफीत मी सगळ्यात जास्त वेळ डायफ्रॅमवर, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावर, घालवते. परवा एक आजी टेबलावर हात टेकून बसल्या होत्या, मी पाठीमागून बरगड्यांच्या फटीत प्रोब ठेवला होता. काळंभोर पाणी, त्यात आक्रसलेल्या फुफ्फुसाचं टोक हेलकावत होतं, आणि खाली डायफ्रॅमची पांढरी रेघ. त्या रेघेवर तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा होता. आजी श्वास घेत होत्या तसा तो रेघेबरोबरच खाली-वर होत होता, म्हणजे तिला चिकटलेलाच.

काही वर्षांपूर्वी एका सीटीत मला अस्तर स्वच्छ दिसलं आणि मी रिपोर्टमध्ये 'बहुधा साधं पाणी' असं लिहिलं. पाण्याच्या तपासणीतही कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत. पाणी पुन्हा भरलं. थोरॅकोस्कोपीत, म्हणजे छातीत दुर्बीण घालून पाहिल्यावर, अस्तरभर मोहरीहून बारीक दाणे निघाले, सीटीच्या नजरेत न येणारे. ते तीन शब्द लिहायला नको होते. स्कॅनवर जाडी, गाठी अशी लक्षणं दिसली तर ती कॅन्सरकडे बोट दाखवतात, पण दिसली नाहीत म्हणून कॅन्सर नाही असं होत नाही. कॅन्सर असलेल्या बऱ्याच पेशंटमध्ये यातलं एकही लक्षण सापडत नाही.

उलटंही घडतं. टीबीनेही अस्तर जाड होतं, पेट स्कॅनवर (कॅन्सर शोधायला करतात तो) झगझगतं. अशाच एका स्कॅनवरून घरच्यांनी आशा सोडलेल्या माणसाच्या बायॉप्सीत टीबी निघाला. औषधांनी तो बरा झाला.

आजींच्या मुलाने दाराशी गाठून तोच प्रश्न विचारला. मी त्याला स्क्रीनजवळ नेऊन तो दाणा दाखवला. म्हटलं, "संशय आहे, पण नाव मी नाही देणार. इथला तुकडा काढून तपासू या."