पाचवा नियम

"गोष्टीत चिनी माणूस नको." रोनाल्ड नॉक्स या पाद्र्यानं 1929 मध्ये रहस्यकथा लिहिणाऱ्यांसाठी दहा नियम घातले, त्यातला हा पाचवा. इथं इंग्लंडात, लीड्सला लायब्ररीत आमचं विणकाम मंडळ भरतं. परवा विणता विणता कुणीतरी हे नियम वाचून दाखवले. गुप्त खोली एकाहून जास्त नको, शोध घेणाऱ्यानंच गुन्हा केलेला नको, त्याला सापडलेले धागेदोरे वाचकापासून लपवायचे नाहीत, सगळं पटण्यासारखं. पाचवा ऐकला आणि माझा टाकाच सुटला.

एका निवृत्त शिक्षिकेनं समजावलं, त्या काळच्या स्वस्त कादंबऱ्यांत खलनायक हटकून चिनी असायचा, त्याला नॉक्स विटले होते. हे कळूनही राग गेला नाही. लिहिणाऱ्यांची खोड मोडायला त्या माणसालाच गोष्टीबाहेर काढायचं, हा कुठला न्याय?

सध्या आम्ही वाचतोय त्या पुस्तकात खून विणकाम मंडळातच होतो. रक्ताचा थेंब दिसत नाही. खेडं, चहा, लोकर आणि एक प्रेत. पण त्यातली खूण इतकी सुरेख आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेलेल्या बाईचा मफलर निम्म्यापासून बदलतो. कुणाचा हात घट्ट असतो, कुणाचा सैल, त्यामुळे टाके वेगळे पडतात. शिवाय एकच रंग दोन खेपांत रंगवला की छटा जराशी हलते, म्हणून तर लोकरीच्या लेबलवर खेपेचा नंबर असतो. इन्स्पेक्टरला यातलं काही दिसत नाही, म्हाताऱ्यांना दिसतं. आपल्या बायांनाही दिसलं असतं! माझी आजी वाकळीवरचा धावदोरा बघून सांगायची, "ही शिवण पारूची नाही माय, तिच्या सुनेची हाय." हे मी मंडळात मोठ्या अभिमानानं सांगितलं.

तोवर पुस्तकातला सगळा संशय मात्र गावात नव्यानं आलेल्या परदेशी बाईवर. मी बोलले, नवखा माणूस दिसला की तुम्हाला आधी तोच गुन्हेगार वाटतो. शिक्षिकेनं शांतपणे विचारलं, "आणि तुमच्याकडे?"

गावात चोरी झाली की आधी पारध्यांची पालं झडतात, हे परभणी-बीडकडच्या माणसाला मी काय सांगू. तिथं मी 1871 चा कायदा काढला. तुमच्याच सरकारनं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, आम्ही 1952 मध्ये तो कायदा मोडीत काढला. 1871 मध्ये आमचा मराठवाडा निजामाचा होता, इंग्रजांचा नव्हे, आणि तरी तो शिक्का तिकडे बसला, टिकला, हे मी बोलले नाही. घरचं उणं परक्यांपुढे मांडायला माझी जीभ वळत नाही, आणि वळू नये असंच मला वाटतं.

आमच्या वाड्यावर एक पारधीण यायची. आजी तिला ओसरीवर बसवून भाकरी-कोरड्यास द्यायची. आमच्या घरात तिला कुणी चोर म्हटलेलं मला आठवत नाही. वाकळ शिवायला बसलेल्या बायकांत मात्र ती कधी नसायची. इथं मला पहिल्याच दिवशी खुर्ची, सुया आणि लोकरीचा गुंडा मिळाला.

शिकारीवर जगलेली ती जमात, माग काढण्यात तरबेज. गावातला गुन्हा एखादी पारधीण उलगडते, अशी मराठी रहस्यकथा मला वाचायची आहे. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर नाव कळवा. नसेल तर लिहा कुणीतरी, तिकडं राहून, नीट माहिती घेऊन.